आओगाशिमा बेटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे बेट नेमकं आहे कुठे?

टोकियो शहराच्या दक्षिणेला सुमारे ३६० किलोमीटरवर, भर प्रशांत महासागरात. इझू द्वीपमालेतलं माणसांची वस्ती असलेलं हे सगळ्यात दक्षिणेकडचं बेट. सख्खं शेजारी म्हणावं तर हाचिजोजिमा, तेही पासष्ट-सत्तर किलोमीटर लांब. आओगाशिमाची लांबी साधारण साडेतीन किलोमीटर, रुंदी अडीच, आणि क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरलाही जरासं कमीच.

गंमत अशी की सरकारदरबारी हे टोकियोच आहे. निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा जो टोकियो महानगर प्रांत, तोच या बेटाचा. राज्यपालही तोच. इथल्या डुगडुगत्या छोट्या मालवाहू गाड्यांवर टोकियोतल्या शिनागावाची नंबरप्लेट असते.

फोटोत एका मोठ्या खड्ड्याच्या आत आणखी एक डोंगर दिसतो. तो खरा आहे का?

खरा आहे. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचा माथा. त्याच्या मधोमध इकेनोसावा नावाचं दीडेक किलोमीटर रुंदीचं विवर आहे आणि विवराच्या आत मारुयामा नावाची २२३ मीटर उंचीची टेकडी. ही टेकडी अठराव्या शतकाच्या अखेरीच्या उद्रेकांत तयार झाली. तिच्या उतारावर जे पट्टे दिसतात ते झाडांच्या लागवडीमुळे.

ते प्रसिद्ध फोटो आकाशातून घेतलेले असतात. जमिनीवरून तसं दृश्य हवं असेल तर विवराच्या कडेवरच्या ओतोन्बू या ४२३ मीटर उंचीच्या टोकावर चढायचं. बेटावरची सर्वांत उंच जागा तीच. एका बाजूला विवराची हिरवी कढई, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. धुकं असेल तर मात्र समोर धरलेला स्वतःचा हातही धड दिसत नाही, आणि इथे धुकं फार.

म्हणजे लोक जिवंत ज्वालामुखीवर राहतात?

हो. बेटावरचा शेवटचा उद्रेक १७८५ सालचा, पण ज्वालामुखी जिवंतच मानला जातो. जपानच्या हवामान खात्याची त्याच्यावर चोवीस तास नजर असते. वस्ती विवरात नाही. ती उत्तरेकडच्या टोकाला, कड्याच्या बाहेरच्या उतारावर आहे. विवरात शेती, तंबू टाकायची जागा, मिठाचा छोटा कारखाना आणि वाफेचं स्नानगृह आहे. दिवसा लोक तिथे कामाला उतरतात आणि संध्याकाळी वर घरी जातात.

१७८५ साली काय झालं होतं?

हे समजल्याशिवाय बेटावरच्या माणसांचा स्वभाव कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१७८० नंतर बेट धुमसायला लागलं होतं. विवरात पूर्वी तळी होती. इकेनोसावा या नावात त्यांची आठवण उरली आहे, तळी मात्र गेली. १७८३ मध्ये मोठा उद्रेक झाला आणि १७८५ च्या वसंतात सगळंच हाताबाहेर गेलं. तेव्हा बेटावर ३२७ माणसं होती. हाचिजोजिमाहून होड्या आल्या, जमेल तेवढ्यांना घेऊन गेल्या, पुन्हा आल्या. शेवटच्या खेपेला होड्यांत सगळ्यांना जागा नव्हती. दोनशेच्या आसपास माणसं वाचली, एकशे तीसहून अधिक मागे राहिली आणि मेली.

वाचलेले हाचिजोजिमावर आश्रित म्हणून राहिले. तो काळ जपानमधल्या मोठ्या दुष्काळाचा. खुद्द यजमानांच्याच घरी खायची पंचाईत, तिथे पाहुण्यांना कोण विचारतो? काही वर्षांतच परत जायचे प्रयत्न सुरू झाले आणि प्रत्येक प्रयत्नाला काहीतरी आडवं आलं. होड्या वाऱ्याने भलतीकडेच वाहून गेल्या, काही फुटल्या, माणसं बुडाली. जे पोचले त्यांनी राखेतून जमीन मोकळी करून पेरलं, तर उंदरांनी पीक फस्त केलं. मधली कित्येक वर्षं सगळा बेतच बारगळला.

मग १८१७ साली ससाकी जिरोदायू नावाचा माणूस गावप्रमुख झाला. त्याने घाई केली नाही. आधी थोडी माणसं पाठवायची, जमीन लागवडीखाली आणायची, धान्य साठवायचं आणि मगच बायकामुलांना न्यायचं, असा त्याचा हिशेब. १८२४ मध्ये सगळे परतले. १८३५ मध्ये जमिनीची सरकारी मोजणी होऊन सारा पुन्हा बसला, तेव्हा बेट कागदोपत्रीही उभं राहिलं. म्हणजे एकूण पन्नास वर्षं. निघाले तेव्हा जे तरुण होते त्यांतले बहुतेक परतीच्या होडीत नव्हते. ज्यांनी ते बेट कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, अशी पुढची पिढी 'घरी' आली.

या परतण्याला जपानीत 'कांजू' म्हणतात. बेटावर बरीच वर्षं येणाऱ्या बोटीचं नाव 'कांजू-मारू' होतं आणि गावातल्या ढोलपथकाचं नावही कांजूच आहे. ज्या बेटावर शेतसाऱ्याची पुन्हा सुरुवात हा आनंदाचा प्रसंग ठरतो, तिथल्या लोकांची चिकाटी वेगळी सांगावी लागत नाही.

तिथे जायचं कसं?

आधी हाचिजोजिमा गाठायचं. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून तासाभराचं विमान, किंवा ताकेशिबा धक्क्यावरून रात्री निघणारी बोट, जी सकाळी पोचवते. तिथून पुढे दोन मार्ग.

पहिला हेलिकॉप्टरचा. नऊ जागा, दिवसातून एकच फेरी, वीस मिनिटं. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि बघता बघता भरतं, कारण त्याच नऊ जागांत शिक्षक, कंत्राटदार, दवाखान्यात निघालेली आजी आणि तुम्ही, सगळे असता. सामान पाच किलोपर्यंतच मोफत. मोठी सूटकेस घेऊन जायचा विचार सोडूनच द्या.

दुसरा मार्ग बोटीचा. साधारण तीन तास. वेळापत्रक छापलेलं असतं, पण त्यावर विसंबू नये. वर्षाचा हिशेब काढला तर जवळजवळ निम्म्या फेऱ्या रद्द होतात. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की दिवसचे दिवस बोट लागत नाही. सकाळी हाचिजोजिमाच्या धक्क्यावर चौकशी केली की उत्तर तीन प्रकारचं मिळतं: जाणार, नाही जाणार, किंवा 'अटीवर' जाणार. या तिसऱ्याचा अर्थ असा की बोट तिथवर जाईल, लाटा जमल्या तर लागेल, नाहीतर तुम्हाला घेऊन तशीच माघारी येईल.

माझं मत विचाराल तर जाताना बोट आणि येताना हेलिकॉप्टर. समुद्रातून ते कडे जवळ येताना पाहिल्याशिवाय बेट किती दुर्गम आहे हे कळत नाही, आणि परतीचं विमान मात्र समुद्राच्या भरवशावर ठेवू नये.

बंदर इतकं वाईट आहे का?

वाईट नाही, बंदर म्हणावं असं तिथे काही नव्हतंच. बेटाला सगळीकडून उभे कडे आहेत. वाळूचा किनारा नाही, खाडी नाही, लाट अडवणारं काही नाही. सानबो बंदर म्हणजे कड्याच्या पायथ्याशी ओतलेलं काँक्रीट आणि वरच्या दरडी कोसळू नयेत म्हणून कड्याच्या अंगावर चढवलेलं आणखी काँक्रीट.

कोळ्यांच्या होड्या इथे पाण्यात ठेवताच येत नाहीत. काम संपलं की होडीला तारा लावतात, ती अख्खी होडी पाणी गाळत हवेत उचलली जाते आणि लाटांच्या आवाक्याबाहेर, उंचावर नेऊन ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच खाली. समुद्र शांत असेल त्या दिवशी धक्क्यावर जाऊन हे जरूर पाहा. बोट लागली की मालाचे कंटेनर उतरवायची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते, फक्त मध्ये मध्ये येऊ नका.

याच समुद्रापायी बेटाने बरंच सोसलं आहे. राष्ट्रीय निवडणुकीत इथल्या लोकांना पहिल्यांदा मत देता आलं ते १९५६ च्या जुलैमध्ये. त्याआधी मतपेट्या वेळेत पोचतील याची खात्री नाही म्हणून बेटाला मतदानातून वगळलेलंच होतं.

बेटावर राहतं तरी कोण?

२०२० च्या जनगणनेत १६९ माणसं. जपानमधली ही सगळ्यात कमी लोकसंख्येची ग्रामपालिका. त्यातही पिढीजात बेटकरी एवढेच नाहीत. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, पोलीस, ग्रामकार्यालयातले काही कर्मचारी बाहेरून येतात आणि काही वर्षांनी बदली होऊन जातात. उरलेले बांधकाम, शेती, गुरंपालन, मासेमारी आणि पाहुण्यांची खानावळ यांवर जगतात. बरेचदा एकच माणूस यातली तीन कामं करतो.

शाळा एकच, प्राथमिक आणि माध्यमिक मिळून. पुढच्या शिक्षणाची सोय नाही, त्यामुळे पंधराव्या वर्षी मूल बेट सोडतं. काही हाचिजोजिमाला जातात, काही मुख्य भूमीवर. त्यातली किती परत येतात यावर गावाचं पुढचं सगळं अवलंबून आहे आणि गावाला ते पक्कं ठाऊक आहे.

पिण्याचं पाणी पावसाचं. बेटावर नदी नाही. डोंगराचा एक भलामोठा उतार सिमेंटने लिंपून काढला आहे, त्यावर पडलेला पाऊस खाली गोळा होतो, गाळला जातो आणि नळाला येतो. नळ सोडून दात घासू नका एवढं त्यावरून कळलं तरी पुरे.

'हिंग्या' म्हणजे काय? सगळे त्याचंच नाव घेतात.

जमिनीतून वाफ निघणाऱ्या भेगा. विवरात त्या जागोजाग आहेत. थंडीच्या सकाळी मारुयामाच्या अंगावरून वाफेचे झोत वर जाताना लांबूनही दिसतात. वीज यायच्या कितीतरी आधीपासून लोक या वाफेवर रांधत आले आहेत.

आज तिथे गावाने वाफेच्या कुंड्या बांधून ठेवल्या आहेत. झाकण उघडायचं, जाळीच्या टोपलीत रताळी, अंडी, मासे, असेल ते ठेवायचं, झाकण लावायचं आणि वाफेचा कॉक फिरवायचा. रताळ्याला बराच वेळ लागतो, अंडी लवकर होतात. तोवर शेजारच्या स्नानगृहात जाऊन बसायचं. त्यालाही उष्णता याच वाफेची, सरपण शून्य. बाहेर यायचं तेव्हा जेवण तयार. वाफेवर शिजलेल्या रताळ्याला जो गोडवा येतो तो कुकरला येत नाही. हे मी ठामपणे सांगतो, वाद घालायची तयारी आहे.

मीठही याच धगीवर होतं. समुद्राचं पाणी वाफेच्या मंद आचेवर दिवसेंदिवस आटवतात. उकळी फुटू देत नाहीत, म्हणून खडे जाड होतात आणि खारटपणा जरा सौम्य लागतो.

आणि ते 'आओचू'?

बेटावरची दारू. रताळी आणि जव यांच्यापासून गाळलेली. पूर्वी ही घरातल्या बायकांची जबाबदारी होती, घरोघरी वेगळा हात आणि वेगळी चव. १९८० च्या दशकात रीतसर परवाना घेऊन गावातल्या गाळणाऱ्यांनी एकत्र कारखाना काढला, पण पद्धत सोडली नाही. आजही दहाएक जण आपापली दारू आपापल्या नावाने बाटलीत भरतात.

यातली खरी मेख बुरशीत आहे. जपानमध्ये दारूसाठी लागणारी कोजी बुरशी बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेतून विकत आणतात. इथे पारंपरिक पद्धतीत शिजवलेले जव पसरतात आणि त्यावर ओतानिवातारी नावाच्या मोठ्या रानटी नेच्याची लांब पानं झाकतात. पानांवर आणि हवेत जी बुरशी असेल तीच धान्यावर चढते. त्यामुळे एका घरची बाटली दुसऱ्यासारखी नाही, आणि यंदाची गेल्या वर्षीसारखी असेलच याची खात्री नाही. काही फार उग्र असतात. पहिला घोट बेतानेच घ्या.

लोकांचा देवधर्म कसा आहे?

शिंतो, म्हणजे जपानचा मूळ धर्म, पण मुख्य भूमीवरच्या नीटनेटक्या देवळांशी फारसं न जुळणारा. विसाव्या शतकातही इथे अंगात येणाऱ्या बायकांची परंपरा जिवंत होती. एखादी बाई दीर्घ आजारातून किंवा झटक्यांतून गेली, तिच्या ठायी देवाची ओढ आहे असं ठरलं, की विधी करून तिला मिको केलं जाई. तिच्याबरोबर पुरुष पुरोहित असत, ते ढोलाच्या तालावर जुनी स्तवनं म्हणत. जपानच्या लोकसंस्कृतीचा अभ्यास करणारे याच्यासाठी लाटा सोसत इथवर आले. आता हे जवळपास थांबलं आहे.

देवळं पाहायची तर पायांत जोर हवा. ओसातो आणि तोदाइशो, दोन्ही डोंगरावर, आणि वर जायला समुद्रकाठच्या गुळगुळीत गोट्यांच्या उभ्या पायऱ्या. हे गोटे खालून वर वाहून आणलेले. त्यांवर शेवाळ असतं. पावसात जाऊ नका. चढताना काही वाटत नाही, उतरताना देव आठवतो.

तोदाइशोची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात आसानोसुके नावाच्या तरुणाचं प्रेम नाकारलं गेलं. त्याने संतापाच्या भरात गावातल्या अनेकांचे जीव घेतले आणि स्वतः समुद्रात उडी टाकली. त्यानंतर येणारी संकटं त्याच्याच कोपामुळे असं लोक मानू लागले आणि त्याचा आत्मा शांत व्हावा म्हणून त्याला देवत्व दिलं. कोकणात अतृप्त मेलेल्याला गावाच्या वेशीवर स्थान देऊन त्याचा मान ठेवतात, त्याच जातीचा हा विचार. पुढे गंमत अशी झाली की आज हा देव लग्न जुळवणारा म्हणून ओळखला जातो. प्रेमात इतकं पोळलेल्याला दुसऱ्याचं दुःख कळणारच, असं बहुधा लोकांनी धरलं असावं.

मोठा सण कोणता?

१० ऑगस्टचा बैलपोळा म्हणावासा वाटेल, पण तो पोळा नव्हे. 'उशी मात्सुरी' म्हणजे गुरांचा उत्सव. बेटावर वासरं वाढवतात आणि ती बाहेर विकतात. पुढे त्यांचं मांस टोकियोचं गोमांस म्हणून विकलं जातं. या दिवशी गुरं पारखून बक्षिसं देतात, खाणंपिणं होतं, नाच होतो, शिकायला बाहेर गेलेली मुलं सुट्टीत आलेली असतात. गावाला गर्दी अशी दिसते ती याच सुमाराला. राहायची जागा फार आधी ठरवावी लागते.

ढोल ऐकायची संधी मिळाली तर सोडू नका. एका आडव्या ढोलाच्या दोन्ही तोंडांवर दोघं उभे राहतात. एक जण ठेका धरतो, दुसरा त्यावर मनाला येईल तसं वाजवतो. हाचिजोजिमाचीही हीच पद्धत.

झाडंपाखरं काय दिसतील?

कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह जवळून जातो, त्यामुळे हवा दमट आणि हिवाळा सौम्य. विवराच्या आत, जिथे वारा पोचत नाही, तिथे ओतानिवातारीची हातभर लांब चकचकीत पानं झाडांच्या बुंध्यांवर आणि जमिनीवर झुबक्यांनी वाढतात. जपानी कॅमेलिया आहे, लावलेली सुगी म्हणजे जपानी सीडरची उंच झाडं आहेत, आणि वाटेच्या कडेला आशिताबा. आज खुडलं तर उद्या नवा कोंब येतो अशी या पालेभाजीची ख्याती. चव किंचित कडवट. पिठात बुडवून तळलेली मिळाली तर बेसनाशिवाय केलेली भजी समजून खा.

पक्ष्यांत इझू बेटांचा खास कस्तूर, अकाकोक्को. काळं डोकं, तांबूस-नारिंगी कुशी. जगात तो मुख्यतः याच टापूत घरटी करतो. पहाटे विवरातल्या रस्त्यावर गांडुळं शोधताना दिसतो, गाडीला फारसा भीत नाही. उंदरांच्या बंदोबस्तासाठी माणसांनी जपानी वीझल हे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी इथे आणून सोडले, त्यांनी उंदरांबरोबर इथले सरडेही संपवत आणले. बेटांवर असे 'उपाय' जगभर झाले आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा शेवट असाच झाला आहे.

रात्री विवरात उभे राहा. चारी बाजूंनी कडा, गावातले दिवे अडलेले, वर फक्त आकाशाचा गोल. आकाशगंगा शोधावी लागत नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतील का?

खोटं कशाला बोलू, होतील. उपाहारगृह दुपारी उघडं मिळेल अशी आशा ठेवू नका. संध्याकाळी एखाद-दुसरी दारू-जेवणाची जागा, बाकी जेवण जिथे राहाल त्या घरगुती निवासात, तीन वेळचं. ताटात मासे असणारच, आणि भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क. आरक्षण करतानाच जपानीत स्पष्ट कळवा. ते जमेल तेवढं करतील, पण दुकान एकच आणि माल बोटीवर अवलंबून. थेपले, भाजणी, मेतकूट सोबत न्या. वाफेच्या कुंडीत रताळी-बटाटे आहेतच. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. फक्त कुसाया समोर आला तर आधी वास घ्या, मग ठरवा. खारवून आंबवलेल्या या वाळलेल्या माशाचा वास खोलीतून दोन दिवस जात नाही.

इंग्रजी चालतं का? पैसे, गाडी?

इंग्रजी जवळजवळ नाही. फोनवरचं भाषांतर चालून जातं. म्हाताऱ्यांची बोली खुद्द टोकियोच्या माणसालाही कळत नाही. युनेस्कोने २००९ मध्ये ती संकटग्रस्त भाषांच्या यादीत घातली. रोख येन घेऊन जा, बँक नाही, टपाल कार्यालय आहे. गाव ते विवर चढउतार बराच आहे, म्हणून गाडी भाड्याने घ्यावी. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो, मूळ परवानाही जवळ ठेवा. तंबू टाकायचा असेल तर ग्रामकार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. न कळवता, राहायची सोय न करता उतरलेल्या पाहुण्यावर गाव नाराज होतं, आणि ते रास्तच आहे.

समुद्रात सोनं सापडलं म्हणतात, ते खरं?

बेटाच्या पूर्वेला समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे २०१५ मध्ये सापडले आणि तिथल्या खनिजात सोन्याचं प्रमाण चांगलं निघालं. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही.

कधी जावं आणि किती दिवस काढावेत?

जूनमधल्या पावसाळ्यात धुक्यामुळे हेलिकॉप्टर बरेचदा उडत नाही. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत वादळं. हिवाळ्यात लाटा. उरतो एप्रिल-मे, आणि जुलैचा दुसरा पंधरवडा. बेट पाहायला दोन दिवस पुरतात, पण पुढेमागे दोन-दोन दिवस मोकळे धरा, आणि मुंबईचं परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. बोट रद्द झाली तर निवासाच्या मालकिणीला लगेच सांगा, कारण तुमची खोली उद्या ज्याला दिली आहे तोही पलीकडे हाचिजोजिमावर अडकलेला असतो आणि बहुतेक वेळा हिशेब आपोआप जुळतो.